तुकूममधला पांढरा गालिचा

…बरं, चपला बाहेर काढा म्हटलं, काढल्या! पाय पायपुसण्यावर पुसा म्हटलं, पुसले! आत दुसरं पायपुसणं आहे, त्यावर पुन्हा पुसा म्हटलं, तेही पुसले! पण एवढं सगळं करून घेतल्यावर जर कुणी म्हणालं, "आता तिथीच उभे राहून बोला," तर माणसानं काय करावं? सांगा ना, काय करावं? आणि हे कुणी कुणाला म्हणावं? तर आमच्या नानाजींनी गुणवंतरावांना! ज्या गुणवंतरावांनी घुग्घुसच्या कोळशाच्या खाणीत उभी हयात घातली, निवृत्त झाल्यावर नानाजींच्या बरोब्बर समोर घर बांधलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी, ऊन असो, पाऊस असो, पलीकडच्या कॉलनीत वाघ शिरल्याची बातमी असो, नानाजींकडे चहाला आले... त्या गुणवंतरावांना! आणि कशापायी? एका गालिच्यापायी!

थांबा, हे असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. आधी नानाजी कळले पाहिजेत.

नानाजी म्हणजे सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. घर चंद्रपूरच्या तुकूममध्ये, मुलगा प्रणित पुण्याला, बायको कमळाबाई दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या. आणि या माणसाचं आयुष्यभर सगळ्याला एकच उत्तर: "बरं." साहेब म्हणाले, तुमची बदली सिरोंच्याला, नानाजी म्हणाले, बरं. साहेब म्हणाले, बदली रद्द, नानाजी म्हणाले, बरं. तुम्हाला सांगतो, कमळाबाईंच्या वेळी डॉक्टर बाहेर येऊन, चष्मा काढून, हळू आवाजात सांगायला लागले, तेव्हासुद्धा या माणसाच्या तोंडून निघालं ते हेच. बरं! आणि त्यानंतर तर माणूस असा बधिर झाला की गॅसवर फोडणी करपून धूर बैठकीत यायचा, तेव्हा कुठे नानाजी वर बघायचे, आणि तेसुद्धा धूर पंख्यात अडकला तर!

तर या माणसाला मागच्या दिवाळीत मुलानं आणि सुनेनं गालिचा आणला. लोकरीचा. हातानं विणलेला. आणि रंग कोणता? ओळखा! साईचा! दुधावरच्या साईचा! चंद्रपुरात! अहो, एका अंगाला वीजकेंद्राची धुराडी, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी, मधून सिमेंटचे ट्रक, इथं पांढरा शर्ट घालून माणूस दूध आणायला गेला तर येईस्तोवर शर्ट राखी होतो, इथली बाई गच्चीवर पापड घालायच्या आधी वारा कुठला ते बघते, वीजकेंद्राच्या ऊर्जानगरकडून असेल तर पापड उद्या! तिथं साईचा गालिचा! आणि वर लोकर! का, तर सूनबाई दिव्यानी म्हणाली, "बाबा, थंड फरशीवर पाय ठेवत जाऊ नका. या वयात सांधे धरतात." थंड फरशी! आमच्याकडे मे महिन्यात दुपारी फरशीवर उघडा पाय ठेवला तर सांधे धरत नाहीत, माणूस छताला धरतो!

नानाजी म्हणाले, "बरं."

गालिचा बैठकीत अंथरला आणि दिवाळी करून मुलगा-सून गेले. आता इथं कुंताबाई येते. म्हणजे घर झाडायला येते ती. माहेर घुग्घुसच्या रस्त्यावरचं. तिकडे कोळशाचे ट्रक चालतात त्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून टँकर पाणी शिंपडत फिरतो, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. तिच्या हिशेबी धुळीला औषध एकच, आधी पाणी, मग झाडणं. अंगण तसंच, ओटा तसाच, गोठा तसाच... मग गालिच्यानंच काय घोडं मारलं? रोज सकाळी बाई ओंजळीनं पाणी शिंपडायची आणि साधा झाडू लोकरीत शिरत नाही म्हणून खराट्यानं कुटायची. दिवाळी ते होळी! बरं, धूळ उडाली नाही हे खरं. एक कण उडाला नाही. सगळी आत बसली! खाली कोळशाची पूड, वर पाणी, त्यावर खराट्याचा मार... तुम्हाला सांगतो, रस्ता बांधणारे कंत्राटदार यापेक्षा वेगळं काही करत नाहीत, उलट थोडं कमीच करतात! साईचा गालिचा पार डांबरी झाला.

आणि नानाजींना कळलं का? छे! रोज थोडा थोडा काळा होत गेला, रोज बघणाऱ्याला कधी कळतं?

कळलं कुणाला? पुण्याला! होळीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर. दिव्यानी म्हणाली, "बाबा, तो गालिचा काढून ठेवलात का?"

"नाई बेटा, इथीच आहे."

"कुठे?"

"हा काय, माह्या पायाखाली."

पलीकडून सूनबाईचा आवाज, एकदम बारीक, "अहो... प्रणित... जरा इकडे या..." मग प्रणितचं डोकं पडद्यावर. त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं. आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. ज्या हवेनं लोकरीचं हे केलं ती तुमच्या फुफ्फुसांचं काय करत असेल? शाळांना सुट्ट्या लागल्या की रस्त्यांवर गर्दी होते, त्याच्या आत आम्ही गाडी घेऊन येतो आणि तुम्हाला घेऊनच जातो. कायमचं. घर धड नाही, हवा धड नाही, तुम्ही एकटे. मी काही ऐकणार नाही."

आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा नानाजींच्या तोंडून "बरं" निघालं नाही!

कारण पुणं त्यांनी पाहिलं होतं. कमळाबाई गेल्यावर उन्हाळाभर राहून आले होते. वाईट होतं का? अजिबात नाही! उंचावरचा फ्लॅट, फरशीत तोंड दिसावं अशी स्वच्छता, जेवण वेळेवर. मुलगा आणि सून सकाळी आपापल्या खोलीत लॅपटॉप घेऊन दार लावायचे ते संध्याकाळी उघडायचे. नानाजी खाली बागेत बाकावर जाऊन बसायचे, तर गेटवरचा माणूस येऊन विचारायचा, "काका, कोणाकडे आलात?" रोज! आणि हे रोज फ्लॅटचा नंबर सांगायचे. तक्रार करायला जागाच नव्हती हो, हीच तक्रार! "काऊन नाना, जेवले का?" असं फाटकावरून ओरडणारं तिथं कुणी नव्हतं. इथं बाकी काही नसलं तरी संध्याकाळ झाली की समोरचं फाटक वाजायचं, चपला फटफटायच्या, आणि नानाजींना कळायचं की आजचा दिवस संपला. बधिर माणसाला तेवढं तरी लागतं!

तर सामना सरळ होता. गालिचा पांढरा, तर नानाजी चंद्रपुरात. गालिचा काळा, तर नानाजी पुण्यात.

आता गालिचा धुणारा माणूस शोधून कुणी आणला, माहीत आहे? गुणवंतरावांनी! स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच, फक्त तो मोटरसायकलवर बसून आला. नाव पियुष. नागपुरात गालिचे धुण्याचा कोर्स करून आलेला, केस उभे, टी-शर्टच्या पाठीवर स्वतःचंच नाव. आला, गालिच्याशेजारी गुडघ्यावर बसला, लोकरीचे तंतू दोन बोटांनी बाजूला केले, आत डोकावला, हुंगला, आणि वर न बघता विचारतो, "कधीपासून आहे असं?" नानाजींना खोकला झाला होता तेव्हा डॉक्टरांनी एवढी चौकशी केली नव्हती!

"पाणी कोनं टाकलं?" पियुष गरजला.

कुंताबाई खांबाआडून म्हणाली, "मी. काऊन? धूळ बसाले."

"बसाले? बाई, धूळ बसवाची नसते, उठवाची असते! काकाजी, तुम्हाले सांगतो, गालिचा म्हंजे जीव असते, जीव! कोरड्या धुळीले पाणी दाखवलं का झाला चिखल. आधी कोरडं साफ, मंगच ओलं. ध्यानात ठेवा!"

नानाजी म्हणाले, "बरं."

मग सुरू झालं हो! गालिचा उलटा पाडला, पाठीवर बडवला, मशीननं धूळ ओढली, पुन्हा उलटा, पुन्हा बडवला, पुन्हा ओढली. वर्तमानपत्रावर काळा ढीग. गुणवंतराव खाली बसले, चिमूट उचलली, बोटांत चोळली, उजेडात धरली आणि जाणकारासारखे म्हणाले, "हा आपल्या खाणीतला माल नाई. ह्याच्यात राख लय आहे." मग कोपऱ्यात, सोफ्यामागे, बोटभर जागेवर औषध लावून पाहिलं, रंग सुटतो की काय. नाही सुटला. मग फेस. मग दुसरं मशीन, ते एका तोंडानं कोमट पाणी आत मारतं आणि दुसऱ्या तोंडानं तेच पाणी ओढून घेतं, आवाज असा की शेजारच्यांना वाटलं बोअर मारतात! बादलीत पाणी आलं ते काळं. ओतलं, पुन्हा आलं, काळं. गुणवंतराव म्हणाले, "नाना, फेकू नका. वाळवून गोवऱ्या थापा, हिवाळा निघून जाईल!" कुंताबाई पदर तोंडाला लावून हसली. नानाजी बादली ओतत राहिले.

आणि वाळवणं! तुम्हाला वाटेल, चंद्रपूरचं ऊन, टाका गच्चीवर, अर्ध्या तासात पापड! नाही! "काकाजी, उन्हात नाई. रंग उडते, लोकर कडक होते. सावलीत, हवेशीर, लवकर. ओला राह्यला तं बुरशी." सावली! एप्रिलात! आमच्याकडे एप्रिलात झाडसुद्धा सावली स्वतःपुरतीच ठेवतं! शेवटी नानाजींचे पंखे, गुणवंतरावांचे पंखे, सगळे बैठकीत लावले, दारं उघडी टाकली आणि गुणवंतराव स्वतः त्या रात्री पंख्याविना तळमळले. पण सकाळी बघतात तर काय... साय! अस्सल साय!

"नाना!" गुणवंतराव ओरडले. "वाचले तुम्ही! आता कायचं पुणं अन् कायचं काय! काऊन गप बसले? खुश नाई का?"

"खुश आहो ना," नानाजी म्हणाले. अशा आवाजात, की रेशनच्या दुकानात माणूस म्हणतो, साखर संपली का? असू दे.

इथंच गोष्ट संपायला हवी होती की नाही? हवी होती! पण मुलगा-सून यायला अजून अवकाश होता, आणि पियुष जाताना म्हणाला, "काकाजी, धुणं सोपं, टिकवणं कठीण!" आणि बसला सांगत. दाराबाहेर एक पायपुसणं, आत एक. हप्त्यातून दोनदा मशीननं धूळ ओढायची, मशीन न्या माझ्याकडचं जुनं. काही सांडलं तर पुसायचं नाही, टिपायचं, बाहेरून आत, थंड पाण्याच्या फडक्यानं. सोफ्याचे पाय अधूनमधून सरकवायचे. गालिचा फिरवायचा, म्हणजे एकाच वाटेनं पाय पडून घासायचा नाही. खाली कडुनिंबाचा पाला, किडीसाठी. उचलायची वेळ आली तर गुंडाळायचा, दुमडायचा म्हणून नाही, घडी पडली की कण्यात मोडला समजा. "जीव असते, काकाजी!"

आता हेच तुम्हाला-मला सांगितलं असतं तर आपण मान हलवली असती आणि विसरलो असतो. पण नानाजी! हेडक्लार्क! ज्या माणसानं नोकरीत एकही नियम मोडला नाही, कारण मोडायचा तर आधी काहीतरी वाटावं लागतं, त्याला तुम्ही नियम दिलेत! झालं! खिडक्या बंद, कारण खिडकीतून धूळ. कूलर बंद, कारण कूलर बाहेरची हवा ओढतो. चंद्रपूर, एप्रिलची अखेर, कूलर बंद! घामाचा थेंब गालिच्यावर पडू नये म्हणून स्वतः नानाजी बैठकीत बसेनात. स्वयंपाकघरात जायचं तर गालिच्यावरून नाही, भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखं, कडेकडेनं! कुंताबाईला बैठकीची बंदी. ती म्हणाली, "काऊन जी? मी हात लावला तं करंट लागते का त्याले?" आणि फणकाऱ्यानं ओसरीच दोनदा झाडून गेली, पाणी शिंपडून.

आणि संध्याकाळी गुणवंतराव आले. नेहमीसारखे. तोंडात खर्रा, तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला बोकणा, नेहमीसारखा.

"पाय पुसले?" नानाजी म्हणाले.

"पुसले."

"दोन्ही पायपुसण्यांवर?"

"हाव जी, दोन्हीवर. बसू का आता?"

"खर्रा थुकून या."

गेले, थुकून आले, चूळ भरली. "बसू?"

"तिथीच उभे राहून बोला. तुमच्या पॅन्टीले धूळ आहे."

"अना चहा?"

"चहा सांडते."

गुणवंतराव उभे राहिले, त्या पायपुसण्यावर, हात पुढं बांधून, जसा नानाजींच्या टेबलासमोर एकेकाळी दाखला मागायला आलेला माणूस उभा राहायचा. म्हणाले, "नाना, खाणीत उतरतानी बी येवढी झडती नव्हती. तुमच्या घरी येणं म्हंजे देवळात येणं झालं. अना देव कुठी, तं जमिनीवर निजलेला!"

"चार दिवस आहेत, गुणवंतराव. ते येऊन पाहून गेले का मंग..."

"बरोबर आहे. तुम्ही सांभाळा त्याले." आणि गेले. चपला फटफटवत नाही, हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी फाटक वाजलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नानाजी बैठकीच्या दारात लाकडी खुर्ची टाकून बसायचे आणि गालिच्याकडे बघायचे, दवाखान्यात पेशंटच्या बाहेर बसतात तसे. दिवस संपला हे त्यांना आता दिवे लागल्यावर कळायचं. एकदा चहा केला, तर सवयीनं दोघांचा झाला. दुसरा कप त्यांनी बेसिनमध्ये ओतला, जपून, शिंतोडा उडू न देता. वाईट वाटलं का? कोण जाणे. नानाजींनाही सांगता आलं नसतं.

पण एक काम मात्र ते रोज करत होते. नकाराचा मसुदा! हो, मनातल्या मनात! "प्रणित, तुझी काळजी मला समजते. तथापि घर स्वच्छ आहे, प्रकृती ठीक आहे, सबब स्थलांतराची आवश्यकता दिसत नाही." मग 'सबब' काढायचे, मुलगा आहे म्हणून. मग पुन्हा घालायचे. शेवटी 'स्थलांतर'ही खोडलं. राहिलं ते एवढंच: "मी येत नाही, बेटा. मला इथं बरं वाटते." आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणाला तरी नाही म्हणणार होता, आरशासमोर उभा राहून म्हणून पाहत होता!

आणि आले हो, आले! पुण्याहून गाडी चालवत, वाटेत मुक्काम करून. दिव्यानीनं बैठकीत पाऊल टाकलं आणि, "अय्या! बाबा! हा तर नव्यासारखा आहे!" खाली बसून हात फिरवला, गाल लावला. प्रणित बोट घासून बघतो, काही लागत नाही. पडदे बघितले, कोपरे बघितले, सोफ्यामागे वाकून बघितलं. नानाजी दारात उभे, घसा साफ करून. मसुदा जिभेवर!

तेवढ्यात कोण टपकावं? पियुष! "रूटीन तपासणी, काकाजी!" म्हणून. आणि पुण्याचे साहेब बघितल्यावर त्याला राहवतं का? "साहेब, मेहनत काकाजींची आहे, त्यात वाद नाई. पण खरं सांगू? हा गालिचा इथी टिकत नाई. दोन वर्सात खलास. तुम्ही कितीबी झाका, इथली हवाच याले मानवत नाई. हे पुण्या-बिण्याची चीज आहे, साहेब! जीव असते याच्यात!"

प्रणितनं दिव्यानीकडे बघितलं. दिव्यानीनं गालिच्याकडे. दिव्यानी म्हणाली, "आपल्या हॉलमध्ये किती छान दिसेल ना!" प्रणित म्हणाला, "मग गालिचा आपण घेऊनच जाऊया. इथं ठेवून त्याची माती करण्यात काय अर्थ?" आणि वडिलांकडे वळला. "बाबा, खरं सांगतो, मी तुम्हाला न्यायला आलो होतो. पण इथं येऊन बघितलं, किती व्यवस्थित ठेवलंय तुम्ही सगळं! उगीच काळजी करत होतो आम्ही. तुम्ही इथंच मजेत आहात."

तुम्हाला सांगतो, मसुदा तयार, माणूस तयार, आणि विचारलंच नाही कुणी! नाही म्हणायचं तरी कशाला?

नानाजींनी एवढंच विचारलं, "अना ते... फुफ्फुसाचं म्हणत होता तू?"

"अहो, तुम्हाला काय धाड भरलीय? एकट्यानं एवढा गालिचा सांभाळलात! तुम्हाला इथल्या हवेची सवय आहे, बाबा. त्याला नाही."

नानाजी म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गालिचा गुंडाळला. दुमडायचा नाही म्हणून मागची सीट आडवी पाडली, वर स्वच्छ चादर, दोन बाजूंनी उशा, वळणावर गडगडू नये म्हणून पट्टा. दिव्यानी म्हणाली, "बाबा, जागा असती तर चार दिवसांसाठी तुम्हालाही नेलं असतं. पण त्याला वाकवता येत नाही ना. तुम्ही या सावकाश, बसनं." प्रणित पाया पडला. गाडी सुरू झाली, काच खाली आली, आणि नानाजींना वाटलं, आता काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "बाबा, फाटक पूर्ण उघडा हं, मागून लांब आहे."

नानाजींनी फाटक पूर्ण उघडलं.

गाडी वळली, गेली. समोरच्या ओसरीतून गुणवंतराव सगळं बघत होते. जरा वेळानं आले, नानाजींच्या दाराशी थबकले, सवयीनं चप्पल काढायला वाकले. नानाजींनी पायपुसणं पायानंच बाजूला सारलं. "या. तसेच या." गुणवंतराव आत आले, उघड्या फरशीवर चपलांचे ठसे उमटवत, सोफ्यावर बसले. खिडक्या उघडल्या. कूलर लावला. चहा आला.

"गेले?" गुणवंतराव म्हणाले.

"गेले."

"पण तुम्हाले न्याले आले होते ना?"

"होते."

"मंग नेलं काऊन नाई?"

नानाजींनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. बाहेरून कोळशाचा एक ट्रक गेला, कूलरनं त्याचा वाटा आत ओढून घेतला, आणि साईवर पडते तशी एक काळी तीट चहावर पडली. नानाजींनी ती बोटानं काढली आणि चहा प्यायले.

"त्याले धूळ सोसत नाई, गुणवंतराव. मले सोसते, म्हणे."